कुंडीतील औषधी वनस्पती : ताण, उपशम आणि ग्राह्यता

चिकित्सालयाच्या गॅलरीतील दहा-वीस कुंड्या, औषधनिर्माणशाळेच्या गच्चीवर हिरव्या जाळीखाली मांडलेली मातृरोपांची रांग, महाविद्यालयाच्या वनौषधी उद्यानात जागा अपुरी पडल्याने व्हरांड्यात आणून ठेवलेली रोपे, हे दृश्य आता आपल्या व्यवसायात सर्वत्र आढळते. शहरांत जमीन उरलेली नाही; ताजा स्वरस, ओली गुळवेल, अडुळशाची पाने यांची गरज मात्र कायम आहे. परंतु बहुतेक ठिकाणी असे दिसते की, पावसाळ्यात मोठ्या हौसेने आणलेली रोपे होळीच्या सुमारास निस्तेज होतात, वैशाखात माना टाकतात आणि मृगाच्या सरी पडताच पुन्हा नवी रोपे विकत आणली जातात. हे चक्र इतके अंगवळणी पडले आहे की त्यात काही चुकते आहे असे कोणास वाटेनासे झाले आहे.

जमिनीतील वनस्पती आपले मूळ ओलाव्याच्या शोधात खोल नेऊ शकते. कुंडीतील वनस्पतीस हे स्वातंत्र्य नाही. तिचे पाणी, ऊन, वारा आणि अन्न ही सर्व दुसऱ्याच्या हाती असतात व त्यांपैकी एकही बिघडले की तिची वाढ थांबते, पानांचा रंग उतरतो, फुलोरा अकाली येतो अथवा गळतो. या अवस्थेस कृषिशास्त्रात ताण अशी संज्ञा आहे. ताण म्हणजे रोग नव्हे. परंतु ताणलेल्या वनस्पतीवरच कीड व बुरशी प्रथम बसते, म्हणून त्यास रोगाचे पूर्वरूप मानण्यास हरकत नाही.

या विषयात वैद्याची जबाबदारी माळ्यापेक्षा अधिक आहे. रोप पुन्हा हिरवे झाले की माळ्याचे काम संपते. वैद्यास त्यापुढे एक प्रश्न उरतो : हे रोप आता औषध म्हणून ग्राह्य आहे काय? चरकसंहितेच्या कल्पस्थानाच्या पहिल्याच अध्यायात द्रव्यसंग्रहणाचे निकष दिलेले आहेत. काळ, ऊन, अग्नी, पाणी, वारा व जंतू यांनी ज्यांचा गंध, वर्ण, रस, स्पर्श आणि प्रभाव बिघडलेला नाही अशीच द्रव्ये घ्यावीत, असा त्यांचा आशय आहे. पदवी परीक्षेसाठी आपण सर्वांनी तो पाठ केलेला असतो. गॅलरीतील करपलेल्या तुळशीची पाने रुग्णासाठी खुडताना तो आठवत नाही, ही गोष्ट वाचकांच्या निदर्शनास आणण्यासाठी प्रस्तुत लेखाचा प्रपंच आहे.

वनस्पतींच्या ताणाचा विचार आपल्याकडे नवा नाही. वराहमिहिराच्या बृहत्संहितेत वृक्षायुर्वेदाचा स्वतंत्र अध्याय असून थंडी, वारा व ऊन यांमुळे वृक्षांस रोग होतात आणि पाने पांडुर होणे, अंकुर न वाढणे, फांद्या सुकणे व रस पाझरणे ही त्यांची लक्षणे होत, असे त्यात सांगितले आहे. सुरपालाच्या वृक्षायुर्वेदाचे हस्तलिखित ऑक्सफर्डच्या बोडलियन ग्रंथालयात होते. नलिनी साधले यांनी केलेले त्याचे इंग्रजी भाषांतर सिकंदराबादच्या एशियन ॲग्री-हिस्टरी फाउंडेशनने १९९६ साली प्रसिद्ध केले. सुरपालाने वृक्षांच्या व्याधींची विभागणी वात, पित्त व कफ अशी केलेली आहे. ही विभागणी लक्षणे नीट पाहण्याची सवय लावते, एवढ्यापुरती ती आजही उपयोगी आहे. तथापि त्यातील प्रत्येक उपाय जसाच्या तसा उचलावा, असे आमचे मत नाही. मांस, मेद, मज्जा यांपासून सिद्ध होणारे कुणपजल फळबागेस हितकर असेलही. चिकित्सालयाच्या गॅलरीत ते मुरविण्याचा उत्साह कोणी दाखविल्यास प्रथम शेजारी तक्रार करतील व नंतर रुग्ण.

अतिचिकित्सेचा दोष

आमच्या पाहण्यातील एक उदाहरण येथे विस्ताराने देणे आवश्यक वाटते. दख्खनच्या पठारावरील एका औषधनिर्माणशाळेने सर्पगंधेची सुमारे चाळीस मातृरोपे कुंड्यांत वाढविली होती. सर्पगंधेचे बी फार कमी उगवते व लवकर निर्जीव होते. जंगलातील साठा इतका घटला आहे की या वनस्पतीच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर साइट्स कराराच्या दुसऱ्या परिशिष्टाचे नियंत्रण आहे. अशा वनस्पतीची चाळीस निरोगी मातृरोपे ही लहान गोष्ट नव्हे. एप्रिलच्या अखेरीस त्यांच्या पानांच्या कडा करपू लागल्या. देखरेख करणाऱ्यांनी प्रथम पाणी दिवसातून दोनदा केले. चार दिवसांत गुण न आल्याने प्रत्येक कुंडीत युरिया टाकला. पाने गळू लागल्यावर कीड असावी या तर्काने औषध फवारले आणि शेवटी माती खराब असावी म्हणून भर मे महिन्यात सर्व रोपे उपटून नव्या मातीत लावली. पाऊस सुरू होण्यापूर्वीच ती सर्व वाळली. गच्चीवर जागा न उरल्याने खाली जिन्याजवळ उत्तरेच्या भिंतीलगत ठेवलेल्या सहा कुंड्या तेवढ्या वाचल्या. त्यांच्याकडे कोणी लक्ष दिले नव्हते. रखवालदार माती सुकलेली दिसली की पाणी घालीत असे, एवढेच. जुलैत त्या सहाही रोपांस नवे धुमारे आले.

मूळ कारण एकच होते, तापलेला स्लॅब. काँक्रीटची उष्णता कुंडीच्या तळातून मुळांपर्यंत पोहोचत होती. तापलेली मुळे पाणी ओढू शकत नाहीत, म्हणून मातीत ओल असूनही पानांच्या कडा करपल्या. त्यावर दुप्पट पाणी दिल्याने मातीतील हवा निघून गेली व मुळे कुजू लागली. युरियाच्या क्षाराने उरल्यासुरल्या मुळांतील पाणीच बाहेर ओढले. कुंडी बदलताना केसासारखी बारीक मुळे तुटली. म्हणजे ताण एक आणि त्यावर चार उपचार. आणि चारही उपचार बलवान रोपास सोसतील असे, क्षीण रोपास न सोसणारे. क्षीण रुग्णास शोधन देऊ नये हे ज्यांस शिकवावे लागत नाही, त्या आपल्याच आवारात हे घडते याचे वैषम्य वाटते.

निदानपरिवर्जन हे चिकित्सेचे पहिले सूत्र वनस्पतीसही तितकेच लागू आहे. रोप मलूल दिसताच हातात खत अथवा फवारणीचा पंप घेऊ नये. ते तेजस्वी सावलीत हलवावे, म्हणजे जेथे थेट ऊन पडत नाही परंतु उजेड भरपूर आहे अशा जागी. खत पूर्ण बंद करावे, छाटणी करू नये आणि दोन दिवस केवळ निरीक्षण करावे. एका वेळी एकच बदल करून आठवडाभर परिणाम पाहावा. चार बदल एकदम केल्यास रोप वाचले तरी कशाने वाचले हे कळत नाही, आणि पुढील वैशाखात तोच प्रसंग पुन्हा उभा राहतो.

पाण्याची परीक्षा

कोमेजलेले पान पाहून पाणी घालणे ही सर्वांत सामान्य प्रतिक्रिया आहे व कुंडीतील रोपे दगावण्याचे ते सर्वांत सामान्य कारणही आहे. पाणी कमी पडले तरी पान माना टाकते आणि पाणी जास्त झाले तरीही. दोन्ही अवस्थांत पानापर्यंत पाणी पोहोचत नाही. पहिलीत ते मातीत नसते, दुसरीत ते ओढणारी मुळे गुदमरलेली असतात. म्हणून दर्शनावर विसंबू नये, स्पर्शन करावे. बोट दोन पेरे मातीत घालून पाहावे, कुंडी उचलून तिच्या वजनाचा अंदाज घ्यावा. आठवडाभर सरावाने हाताला हे वजन कळू लागते. कोरड्या मातीतील पाने पातळ व कुरकुरीत होतात. अतिजलाने पीडित रोपाची खालची पाने पिवळी, मऊ व जड होऊन लोंबतात आणि मातीस आंबूस वास येतो.

कोरड्या कुंडीस वरून तांब्याभर पाणी ओतणे पुरेसे नसते. माती किंवा कोकोपीट पूर्ण सुकल्यावर आकसते व पाणी कुंडीच्या कडेने सरळ खाली निघून जाते. वरचा थर भिजतो, गोळा कोरडाच राहतो. अशी कुंडी बादलीभर पाण्यात बुडे येईपर्यंत ठेवून बुडबुडे थांबले की काढावी व निथळू द्यावी. बहुतेक रोपे संध्याकाळपर्यंत सावरतात.

अतिजलाचा उपचार याहून अवघड आहे. पाणी तत्काळ थांबवावे, तळाचे छिद्र बुजले नाही ना ते पाहावे, कुंडीखालची ताटली काढून टाकावी. आठ दिवसांत फरक न पडल्यास मात्र रोप हलकेच काढून मुळे तपासावीत. निरोगी मुळे पांढरट व ताठ असतात. कुजलेली तपकिरी, बुळबुळीत असून ओढताच त्यांची साल निसटते. ती स्वच्छ कात्रीने काढून, पोयटा माती, जाड वाळू व पूर्ण कुजलेले शेणखत यांच्या कोरडसर मिश्रणात रोप लावावे आणि जेवढी मुळे गेली त्या मानाने वरील भागही कमी करावा, कारण उरलेली मुळे पूर्वीइतक्या पानांचे पोषण करू शकत नाहीत. छाटणी न करण्याच्या वरील नियमास हा एकच अपवाद.

तुळशीचा विचार येथे स्वतंत्रपणे करावा लागतो. घरोघरच्या तुळशी थंडीने किंवा किडीने जितक्या जातात त्याहून अधिक भक्तीने जातात. घरातील प्रत्येकाने सकाळी एक तांब्या पाणी घातले तर लहानशा वृंदावनात निचऱ्यास वेळच मिळत नाही. त्यावर दूध, हळदकुंकू, अक्षता व उदबत्तीची राख यांचा थर साचतो. श्रद्धेस बाधा न आणता तांब्याखाली ताम्हन ठेवून पूजेचे पाणी वेगळे घेता येते व ते इतर झाडांस घालता येते. मंजिऱ्या वेळीच खुडल्या नाहीत तर बी धरल्यानंतर तुळस स्वभावतःच क्षीण होते. अशा तुळशीस कितीही खत घातले तरी ती पहिल्यासारखी होत नाही. मंजिऱ्या खुडून, थंडी संपल्यावर नव्या फुटीची वाट पाहणे एवढेच हाती असते. रोज औषधासाठी पाने लागणाऱ्यांनी पूजेची तुळस व औषधाची तुळस वेगळी ठेवावी हे उत्तम.

जो ताण नाही, तो ओळखणे

वनस्पतीचा ऋतुस्वभाव न जाणता केलेला उपचार हा निरोग्यास दिलेल्या औषधाप्रमाणे होय. गुळवेल उन्हाळ्यात पाने गाळते आणि निष्पर्ण वेलीवरच तिला फुले येतात. नवख्यास ती मेली असे वाटून तो तीस पाण्यात बुडवितो. वास्तविक छिन्नरुहा हे नाव जिने मिळविले तिच्याविषयी एवढी चिंता करण्याचे कारण नाही. नखाने साल किंचित खरवडावी, आत हिरवे दिसले की निश्चिंत राहावे. सर्पगंधाही थंडीत पाने टाकते. शतावरीचा वेल उन्हाळ्यात सुकला तरी तिची मांसल मुळे जिवंत असतात. सफेद मुसळीचे तर पूर्ण चक्रच पावसाळ्याशी बांधलेले आहे. जिचे वनस्पतिशास्त्रीय नाव आपल्या बोरिवलीवरून पडले त्या या वनस्पतीची पाने पावसाळा सरल्यावर पिवळी पडून जमिनीस मिळतात व मुळे विश्रांतीत जातात. या काळात दिलेले पाणी हेच मुळे कुजण्याचे कारण ठरते. कालमेघ वर्षायू असल्याने बी धरल्यावर त्यास वाचविण्याचा प्रयत्नच करू नये, बी गोळा करावे.

कोरफड उन्हात व कोरडेपणात लालसर तपकिरी होते. हा ताणाचा वर्ण खरा. परंतु सावलीत नेऊन माफक पाणी दिल्यास काही आठवड्यांत ती पुन्हा हिरवी होते. घाईने अधिक पाणी दिल्यास मात्र बुंध्यातून सडते व मग उपाय राहत नाही.

ऊन, उजेड व तापलेली गच्ची

गच्चीवरील कुंड्यांखाली विटा अथवा लाकडी फळ्या ठेवून तळाशी हवा खेळती ठेवावी. काळ्या प्लॅस्टिकच्या कुंड्या उन्हाने फार तापतात. मातीच्या कुंडीच्या अंगातून पाणी झिरपून वाफ होत असल्याने ती थंड राहते, हा माठाचा धडा येथेही लागू पडतो. मार्च ते जून या काळात अर्धे ऊन अडविणारी जाळी, कुंड्या एकमेकींजवळ दाटीने ठेवणे, मातीवर पालापाचोळ्याचे आच्छादन आणि सूर्योदयाच्या सुमारास पाणी, एवढ्यानेच बहुतांश रोपे तरतात.

याच्या उलट, चिकित्सालयाच्या आतील रोपांस उजेड अपुरा पडतो. पेरे लांबट, पाने फिकट व विरळ, आणि सारे रोप खिडकीकडे झुकलेले, हे त्याचे रूप. मग कोणी तरी ते रोप रविवारी उचलून सरळ उन्हात ठेवतो व सोमवारी पानांवर पांढुरके, कागदासारखे डाग पडलेले दिसतात. सावलीत वाढलेल्या पानास एकदम ऊन सोसत नाही. प्रथम दोन-तीन दिवस उजेडाची सावली, नंतर सकाळचे तासभर कोवळे ऊन, असे वाढवीत दहा-बारा दिवसांत त्यास पूर्ण उन्हाची सवय करावी. सात्म्य ही संकल्पना आपल्यास नवीन नाही. भाजलेले पान पुन्हा हिरवे होत नाही. पण त्याचा उरलेला हिरवा भाग रोपाचे पोषण करीत असतो, म्हणून नवी पाने येईपर्यंत ते काढण्याची घाई करू नये. वातानुकूलित खोलीतील थंड झोत सरळ रोपावर येत असल्यास जागा बदलणे हाच उपाय.

क्षार आणि अन्न

अनेक शहरांत कुंड्यांस कूपनलिकेचे जड पाणी दिले जाते. महिनोन्‌महिने ते दिल्यावर मातीवर व कुंडीच्या अंगावर पांढरा थर जमतो, पानांची टोके तपकिरी होतात आणि वाढ खुंटते. पिण्याचे पाणी शुद्ध करणाऱ्या यंत्रातून बाहेर टाकले जाणारे पाणी वाया जाऊ नये म्हणून कुंड्यांस घालण्याची पद्धत अलीकडे रूढ झाली आहे. हेतू स्तुत्य असला तरी गाळलेले क्षार त्याच पाण्यात एकवटलेले असतात. ते लादी धुण्यास वापरावे. क्षार साचलेल्या कुंडीत निचरा चांगला असल्याची खात्री करून, कुंडीच्या मापाच्या तीन-चार पट साधे, शक्यतो पावसाचे साठविलेले पाणी हळूहळू ओतून ते तळातून वाहू द्यावे. पहिल्या जोरदार पावसात कुंड्या उघड्यावर ठेवणे हा त्याचाच सोपा प्रकार. मुळे कुजलेली असतील तर मात्र हा उपाय घातक होय.

पान पिवळे दिसले म्हणजे खत कमी, हे समीकरण अपुरे आहे. जुनी, खालची पाने एकसारखी पिवळी पडत असतील तर नत्राची उणीव संभवते. शेंड्याकडील कोवळी पाने पिवळी व त्यांच्या शिरा मात्र हिरव्या असतील तर लोहाची उणीव समजावी, आणि ती बहुधा लोह नसल्यामुळे नव्हे तर चुनखडीच्या मातीत व जड पाण्यात ते मुळांस घेता येत नसल्यामुळे असते. तेथे नत्र घालून काही साधत नाही. पाणी बदलावे लागते.

ताणातून उठलेल्या रोपास अन्न देताना संसर्जनक्रम डोळ्यांसमोर ठेवावा. नवा अंकुर दिसेपर्यंत केवळ पाणी. अंकुराची दोन-तीन पाने उलगडल्यावर मूठभर गांडूळखत किंवा पातळ केलेले शेणपाणी. आणखी पंधरा दिवसांनी नेहमीच्या मात्रेच्या निम्मे खत. नेहमीची मात्रा त्यानंतरच. गोमूत्र न पातळ करता घातल्याने रोपे जळाल्याची उदाहरणे वारंवार आढळतात. ते किमान दहापट पाण्यात मिसळावे व क्षीण रोपास तेही देऊ नये.

किडीविषयी थोडक्यात. उष्ण, कोरड्या हवेत पानामागे बारीक जाळी व ठिपके दिसल्यास लाल कोळी समजावा. पाने मागून पाण्याने धुणे व निंबोळी तेलाची सौम्य फवारणी सायंकाळी करणे पुरते. पिठ्या ढेकूण कापसाच्या बोळ्याने पुसून काढता येतो. तुळस व अश्वगंधा यांच्या मुळांवर गाठी आढळल्यास सूत्रकृमींचा प्रादुर्भाव होय; ते रोप व ती माती दोन्ही टाकून द्यावीत, दुसऱ्या कुंडीत मिसळू नयेत. रोपाच्या अंगात भिनणारी कीटकनाशके मात्र औषधी कुंडीत कोणत्याही कारणाने वापरू नयेत. त्यांचा अंश कुंडीच्या बंदिस्त मातीत महिनोन्‌महिने राहतो व धुण्याने जात नाही.

विजयेचे उदाहरण

बंद खोलीत, दिव्यांच्या उजेडात औषधी वनस्पती वाढविण्याचा आज जगातील सर्वांत मोठा अनुभव विजयेबाबत जमा झालेला आहे. नेदरलँड्समध्ये शासनाच्या देखरेखीखाली पिकविलेली विजया २००३ पासून औषधालयांतून वैद्यकीय चिठ्ठीवर मिळते. कॅनडातही परवानाधारक उत्पादक तिची बंद जागेत लागवड करतात. आपल्याकडे १९८५ च्या अमली पदार्थविषयक कायद्यानुसार विनापरवाना या वनस्पतीची लागवड करणे हा गुन्हा आहे, मग ते कुंडीतील एक रोप का असेना. औषधे व सौंदर्यप्रसाधने नियमांच्या ई(१) अनुसूचीतही भांगेचा, बिया वगळून, समावेश आहे. औषधनिर्मात्यांनी ती परवानाधारक मार्गानेच घ्यावी, हे सांगणे नलगे. तथापि तेथील अनुभवातून शिकण्यासारखे बरेच आहे.

विजयेस फुलोरा येण्यासाठी रोज सुमारे बारा तासांचा अखंड अंधार लागतो. या अंधारात दाराच्या फटीतून वारंवार उजेड आला किंवा खोलीचे तापमान फार वाढले तर मादी रोपावर नरफुले येतात, परागण होऊन बी धरते आणि औषधी फुलोऱ्याची प्रत घसरते. बाहेरून रोप टवटवीत दिसत असते. वाढीच्या काळात आलेला ताण दोन-तीन आठवड्यांत भरून निघतो. फुलोऱ्यात आलेल्या ताणाची भरपाई होण्यास वेळच उरत नाही. तेथील उत्पादकांचा क्रम वर सांगितला तोच : कारण शोधणे, दिवे दूर करणे अथवा उष्णता घटविणे, खताचे द्रावण पातळ करणे, नवी पालवी येईपर्यंत छाटणी न करणे.

या संदर्भात एक प्रतिवाद केला जातो की, ताणामुळे वनस्पतीतील कार्यकारी घटक वाढतात, मग ताण टाळावा कशासाठी? कॅनडातील ग्वेल्फ विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१९ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात, विजयेच्या एका वाणास फुलोऱ्याच्या उत्तरार्धात मोजून पाण्याचा ताण दिल्यावर तिच्यातील प्रमुख घटकांचे प्रमाण वाढल्याचे आढळले, हे खरे. परंतु तेथे ताण केव्हा, किती व किती दिवस द्यायचा हे ठरलेले होते, एका वेळी एकच ताण होता आणि शेवटी घटकांचे मापन झाले. गच्चीवर विसरलेल्या कुंडीस तो न्याय लावता येत नाही. तेथे कोणता घटक वाढला, कोणता घटला हे कोणी मोजलेले नसते, आणि एकाच औषधाच्या दोन घाण्यांत फरक पडू लागला की निर्मात्यास त्याचे कारण सापडत नाही. ज्याच्याकडे परीक्षणाची सोय नाही त्याने ताणलेले द्रव्य तीक्ष्ण असते असे समजून वापरणे आम्हांस धाडसाचे वाटते.

पुनश्च ग्राह्य केव्हा?

आमचा व्यवहार पुढीलप्रमाणे आहे व तो अनुभवजन्य आहे, शास्त्रवचन नव्हे. रोप सावरले की नाही हे जुन्या पानांवरून ठरवू नये. शेंड्याकडील नव्या पानांचा आकार, रंग व पेऱ्यांचे अंतर निरोगी रोपासारखे झाले की ते सावरले असे समजावे. तुळस, अडुळसा, ब्राह्मी यांसारख्या ज्यांची पाने अथवा पंचांग घ्यावयाचे त्यांची ताणाच्या काळातील पाने औषधात घेऊ नयेत. नवी फूट पूर्ण उलगडून पक्व झाल्यावर, शेजारच्या निरोगी रोपाच्या पानाबरोबर तिचा गंध व रस ताडून पाहावा. डोळे मिटून दोन्ही पाने चुरगळून हुंगली तर फरक बहुधा लगेच कळतो. अश्वगंधा, शतावरी, मुसळी यांच्या मुळांबाबत घाई मुळीच नको. ताण एका हंगामात आला असेल तर बहुवर्षायू वनस्पतीचे मूळ पुढील पूर्ण हंगामानंतरच काढावे, आणि वर्षायू असल्यास ते रोप बियाण्यासही ठेवू नये. मुळे कुजून वाचलेल्या रोपाचे मूळ आम्ही औषधासाठी घेतच नाही, ते रोप केवळ परिचयासाठी ठेवतो. गुळवेलीचे कांड निरोगी भागातून, बोटाएवढे जाड झाल्यावर घ्यावे.

औषधनिर्मात्यांनी एवढ्यावर थांबू नये. जागतिक आरोग्य संघटनेने २००३ साली औषधी वनस्पतींच्या उत्तम लागवड व संकलन पद्धतींविषयी मार्गदर्शिका प्रसिद्ध केली, तिचा भर नोंदी ठेवण्यावर आहे. ताणातून उठलेल्या रोपांचा माल वेगळा वाळवावा, वेगळा साठवावा आणि आयुर्वेदीय औषधिकोशातील भस्ममान व जल-मद्यसार मूल्यांशी पडताळल्यावरच इतर मालात मिसळावा. नवी रोपे घेताना ती अकोल्याच्या कृषी विद्यापीठातील नागार्जुन वनौषधी उद्यानासारख्या, ओळख निश्चित असलेल्या ठिकाणाहून घ्यावीत.

नोंदीची पद्धत साधी आहे. प्रत्येक कुंडीस एक पत्र्याची पट्टी बांधावी व तीवर वनस्पतीचे नाव आणि लावण्याची तारीख रंगाने लिहावी. ताण आल्यास त्याच पट्टीवर कारण व तारीख लिहून तांबडा दोरा बांधावा, फवारणी केल्यास द्रव्याचे नावही लिहावे. तांबड्या दोऱ्याच्या कुंडीतून औषधासाठी कोणीही काही खुडू नये, मग तो शिकाऊ विद्यार्थी असो वा स्वतः वैद्य. नवी फूट पक्व होऊन तिची परीक्षा झाली की ज्याने ती केली त्याने स्वतःच्या हाताने दोरा सोडावा व तारीख लिहावी.